पाठमोरी

"पळताना मागं बघायचं नाही," वॉकीटॉकी ताईला समजावत होता. "काय वाटेल ते होऊ दे. मागं बघितलंस तर तोंड दिसतं आणि तोंड दिसलं तर शॉट कचऱ्यात. कळलं?"

"कळलं," ताई म्हणाली.

"तोंड दिसायचं नाहीच," बांधावर उकिडवे बसलेले आबा मध्येच म्हणाले. "तसं ठरलंय आपलं. पाठ दिसू दे, केस दिसू दे. तोंड दिसलं तर मी तुमचा कॅमेरा कॅनॉलात टाकीन."

वॉकीटॉकी हसला. त्याला वाटलं आबा गंमत करतायत. मुंबईच्या माणसांना आमच्या आबांचं बोलणं गंमतच वाटायचं.

वॉकीटॉकी म्हणजे दिग्दर्शकांचा हाताखालचा मुलगा. त्याचं खरं नाव शंतनू होतं, पण दिवसभर तो त्या काळ्या डबीत बोलायचा, म्हणून अख्ख्या बोरजाईवाडीनं त्याचं नावच ते पाडलं होतं. आणि ताई म्हणजे आमची उर्मीताई, माझी चुलतबहीण, आबांची एकुलती एक. मी तेव्हा सातवीत होते. आता दहावीत आहे, वक्तृत्वात जिल्ह्यात पहिली आले आहे, चारशे माणसांसमोर माइक धरला तरी माझा आवाज कापत नाही. तेव्हा मात्र कुणी मोठ्यानं "ए" म्हटलं तरी माझी जीभ टाळ्याला चिकटायची. हे एवढ्यासाठी सांगितलं, की त्या दिवशी माझ्या जागी आजची मी असते तर, असा विचार मी हजारदा केला आहे. आणि हजारदा उत्तर तेच आलंय. आजची मी असते तरी काही झालं नसतं.

तर पिक्चर. शूटिंगवाल्यांनी आल्या आल्या मारुतीच्या देवळात सगळ्यांना बसवून गोष्ट सांगितली होती. जेलमधून सुटलेला एक मुलगा असतो, पेट्रोल पंपावर काम करणारी एक मुलगी असते. दोघांचं जुळतं. तो एकाला गोळी घालतो, मग दोघं पळतात. पळताना आणखी माणसं मरतात. लपायला एका गावात येतात, गाव ओळखतं, गाव मागं लागतं. शेवटी पुलावर दोघंही हातात हात घालून पोलिसांच्या गोळ्यांनी मरतात.

"मग लगीन कधी करत्यात?" शेवंताकाकूंनी विचारलं.

"लग्न नाही करत, काकू."

"अगं बया. मग मरू देत."

सगळं देऊळ हसलं होतं. हसले नाहीत फक्त आबा. त्याच्याच महिनाभर आधी गुरवांची पोरगी एका फरशीवाल्याबरोबर निघून गेली होती. तेव्हा याच देवळात आबा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "माझी असती तर कोयत्यानं दोघांचे तुकडे करून एका खड्ड्यात घातले असते." तेव्हा कुणीच हसलं नव्हतं.

हिरॉईन मुंबईची. पहिल्याच दिवशी ढेकळांत तिचा पाय मुरगळला. मग वॉकीटॉकी गावभर हिंडला. हिरॉईनच्या उंचीची, तसेच कमरेपर्यंत केस असलेली आणि नांगरलेल्या रानात पळू शकणारी मुलगी कोण? सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. उर्मीताई खो-खोत राज्यापर्यंत गेली होती. तिनं खांब मारला की धूळ उडायची. नंतर आबांनी खेळ बंद केला, मग कॉलेज बंद केलं आणि साताऱ्याच्या हार्डवेअरवाल्यांकडं सोयरीक पक्की केली. सुपारी फुटली होती. तिचा फोनसुद्धा आबांनी कपाटात ठेवला होता.

सरपंचांनी शब्द टाकला म्हणून आबा तयार झाले, त्या एका अटीवर. तोंड दिसायचं नाही.

आंब्याखाली मेकअपवाल्या दादांनी ताईला खुर्चीवर बसवलं. हिरॉईनचा निळा कुर्ता तिनं आधीच चढवला होता. त्यांनी बाटलीतलं रक्त ब्रशनं तिच्या कपाळावर लावलं, बाहीवर शिंपडलं. मी बाजूला आरसा धरून उभी होते. दादा कापूस आणायला गेले तसं ताईनं माझं मनगट धरलं.

"प्राचे, ऐक. कुणाला सांगशील?"

"नाही."

"आईची शपथ?"

"आईची शपथ. काय?"

"जेवणानंतरच्या शॉटला मी थांबणार नाही."

मला काही कळेना. तिनं आरशात दिसणाऱ्या रानाकडं बोट केलं. सरळ नांगरट, मध्ये एक बांध, बांधावर बाभळ. शॉट तिथं संपायचा. ताईनं पळत जायचं आणि बांधाला अडखळून पडायचं. बांधापलीकडं एका बाजूला तुकानानांचा ऊस आणि समोर कॅनॉलचा भराव. भरावावरून गाडीवाट जाते, ती थेट हायवेला.

"संदेश तिथं गाडी घेऊन उभा राहतोय," ती म्हणाली.

संदेशदादा! ओढ्यापलीकडच्या वस्तीतला. तालुक्याच्या मेसमधून शूटिंगवाल्यांचं जेवण टेम्पोतून आणायचा. शाळेत असताना त्यानं ताईला धावण्याच्या शर्यतीसाठी त्याच्या भावाचे स्पाइक्स आणून दिले होते, एवढंच मला माहीत होतं. बाकीचं सगळं मला त्या आरशात कळलं. तिच्या डोळ्यांत.

"ताई, पण सगळे बघणार! आबा इथंच आहेत!"

"म्हणून तर." ती चक्क हसली. कपाळावर रक्त आणि गालावर खळी. "बघितलंस ना, ते 'अॅक्शन' म्हणाले की काय होतं? सरपंच असो, आबा असोत, 'कट' म्हणेपर्यंत कुणी जागचं हलत नाही. कॅमेऱ्यापुढं कोण येणार? परवा कुत्रं आडवं आलं तर साहेब किती ओरडले. मी एकटी पळणार, सगळे गप उभे राहून बघणार. त्यांना कळेपर्यंत मी हायवेवर."

एवढी हुशार माझी बहीण! मला इतका आनंद झाला की आरसा हलायला लागला.

"माझी पिशवी त्याच्याकडं गेलीय टेम्पोतनं," ती म्हणाली. "मार्कशीट, दोन ड्रेस. आरसा नीट धर की गं."

जेवणं झाली. संदेशदादानं पातेली टेम्पोत चढवली. निघताना तो पाण्याच्या पिंपाजवळ थांबला. ताई पाणी पीत होती. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. त्यानं फक्त वॉकीटॉकीला विचारलं, "शेठ, आता काय, एकटीचाच शॉट ना? बांधापर्यंत?"

"एकटीचाच, बांधापर्यंत. तुला काय करायचंय? संध्याकाळचा चहा वेळेवर आण."

"आणतो की," म्हणाला आणि टेम्पो गेला.

आणि मग दिग्दर्शकसाहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

ते बराच वेळ रानाकडं बघत बसले. मग म्हणाले, "एकटी पळतेय त्यात मजा नाही. मागं गाव पाहिजे. सगळं गाव."

वॉकीटॉकी पळत सुटला. "सगळ्यांनी यायचं! पुरुष पुढं, बायका मागं! काठ्या, कुऱ्हाडी, कोयते घेऊन या!" त्यांच्या टेम्पोत रबराचे कोयते होते, पण ते चार-पाचच. "घरून आणा!" तो ओरडला. "खरे असले तर उलट चांगलं, चमकतात!"

गाव असं घरी पळालं जसं काही लग्नाची पंगत बसलीय. आणि जो तो हत्यार घेऊन आला. कोयते, कुऱ्हाडी, पहारी, शेवंताकाकूंनी तर मुसळ आणलं. माणसं मिशांना तेल लावून आली होती. शिवानाना ओल्या फडक्यानं कोयता पुसत होते, फोटोत चांगला यावा म्हणून. आबांना साहेबांनी मधोमध, सगळ्यांच्या पुढं उभं केलं.

"तुमचा चेहरा जबरदस्त आहे," साहेब म्हणाले. "फक्त रागवा."

"रागवायला काय लागतंय," आबा म्हणाले.

मी ताईकडं पळाले. "ताई, आता?"

तिनं कुर्त्याच्या बाह्या वर सारल्या. "आता काय? मागं असतील, पुढं तर नाही ना कुणी? मला या गावातलं कोण धरणारंय, ते शिवानाना? त्यांना वाटणार, शॉट चाललाय. पळतील बिचारे कट म्हणेपर्यंत." तिला हसू आलं. "उलट बरंच झालं. गावच मला सोडायला येतंय बघ."

तरी मला राहवेना. संदेशदादाला जाऊन सांगावं असं वाटलं. काय सांगायचं ते नीट समजत नव्हतं. मी ओढ्याच्या बाजूनं निघाले तर वॉकीटॉकीनं माझी वेणी धरली.

"ए, कुठं चाललीस?"

"पोटात दुखतंय."

"शॉट झाला की दुखू दे. तुझे डोळे मोठे आहेत, तू पुढं हवीस." त्यानं माझ्या हातात काठी दिली आणि आबांच्या शेजारी उभं केलं. मी "अहो पण" म्हणाले. ते माझं मलाच ऐकू आलं.

"ऐका!" तो भोंग्यातून ओरडला. "ती पळाली की मागं पळायचं. 'धरा, मारा' ओरडायचं. मनापासून! आणि काही झालं तरी 'कट' ऐकू येईपर्यंत थांबायचं नाही. कॅमेऱ्याकडं बघायचं नाही. कालसारखं कुणी कॅमेऱ्याकडं बघून हसलं तर घरी पाठवीन!"

अॅक्शन!

ताई सुटली.

मी तिला किती वर्षांनी पळताना बघत होते! केस मागं उडत होते, पाय ढेकळांना लागत होते की नाही कळत नव्हतं. आम्ही मागं, सगळं गाव, "धरा! मारा! सोडू नका!" माझ्या कानाशी आबांचा आवाज असा होता की मी पळता पळता त्यांच्याकडं बघितलं. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. आणि तरी खरं सांगू? मला मजा येत होती. माझी बहीण सुटत होती आणि तिचा बाप तिला आरडाओरडा करत पोहोचवायला निघाला होता.

बांध आला. ताई पडली नाही. तिनं खांब मारावा तसा बाभळीला हात मारला आणि बांधावरून उडी घेतली.

"पडली नाय की!" शिवानाना ओरडले.

"कट म्हणाले का?"

"नाय!"

"मग पळा!"

आणि गावानं बांध ओलांडला.

समोर भरावावर संदेशदादा दिसला. मोटरसायकल उभी, तो शेजारी उभा. लांब होता, पण त्याचा पांढरा शर्ट मी ओळखला. ताईची पिशवी त्याच्या गळ्यात होती. त्यानं हात वर केला. ताईनंही केला. आता थोडंच राहिलं होतं. आणि त्याचा हात खाली आला. तो एक पाऊल मागं गेला. मग आणखी एक. मग त्यानं गाडीला किक मारली.

मला वाटलं, तयारीत राहतोय. पण गाडी वळली.

"संदेशदादा!" मी जीव खाऊन ओरडले. "जाऊ नको! संदेशदादा, जाऊ नको!"

माझ्या बाजूनं सगळं गाव ओरडत होतं. माझा आवाज माझ्या तोंडातून निघाला आणि तिथंच बुडाला. भरावावर धुळीचा एक लोट उठला आणि हायवेच्या दिशेनं लांब लांब होत गेला.

ताई चढण चढून भरावावर पोहोचली आणि उभी राहिली. आमच्याकडं पाठ करून.

"कट! कट! कट!" भोंगा ओरडला.

गाव धापा टाकत थांबलं. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवल्या. दिग्दर्शकसाहेब स्वतः ढेकळांतून धडपडत आले. "बांधावर पडायचं होतं ना गं? पण सोनं केलंस, सोनं! परत घ्यायची गरज नाही." मग तिच्या समोर जाऊन बघितलं आणि वॉकीटॉकीला म्हणाले, "बघ, हिच्या डोळ्यांत पाणी आहे. औषध न घालता. आणि आपली ती बया तासभर डोळे चोळत बसते."

आबांनी कोयता काखेत मारला आणि ताईच्या पाठीवर थाप दिली. "वाघीण आहे माझी. बघितलं का सरपंच, एकाच्या हाती लागली नाही!"

कुणाला काही कळलं नव्हतं. तेव्हाही नाही, नंतरही नाही. पांढऱ्या शर्टातला कुणीतरी शूटिंग बघायला थांबला होता आणि निघून गेला, एवढंच. चहा त्या संध्याकाळी दुसराच कुणी घेऊन आला.

घरी जाताना मी ताईचा हात धरला. बाटलीतलं रक्त तिच्या कपाळावर वाळून पापुद्रे निघत होते.

"ताई, तो का..."

"पळपुटा," ती म्हणाली. "त्याचं नाव परत माझ्यासमोर काढू नको."

मी आईच्या फोनवरून चोरून त्याला लावून बघितला. बंद. पुढंही बंदच. कुणी म्हणायचं चाकणला कंपनीत लागला, कुणी म्हणायचं भावाकडं गुजरातला. महिन्याभरात ताईचं लग्न झालं. मांडवात ती इतकी शांत होती की मोठ्याई, म्हणजे ताईची आई, सगळ्यांना सांगत होती, "बघा, माझी पोर कशी समजूतदार." मार्कशीट मात्र सापडेना. मोठ्याईनं सगळी कपाटं उपसली. मी पण शोधायला मदत केली. दुसरं काय करणार होते?

पिक्चर यायला बराच उशीर झाला. काहीतरी कोर्टकचेरी होती म्हणे. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी साताऱ्याला ताईकडं गेले तेव्हा तो लागला. विश्वासदाजी, म्हणजे ताईचे मिस्टर, माणूस वाईट नाही. मोठ्यानं हसतात, मुलीचे केस स्वतः विंचरतात. पिक्चर लागल्याचं कळताच त्यांनी दुकान बंद केलं. थिएटरच्या दारात तिकीट फाडणाऱ्याला ते म्हणाले, "आमच्या मिसेस आहेत यात. हिरॉईनच म्हणा की!"

"गप बसा हो," ताई म्हणाली. ती येतच नव्हती. मुलीला खोकला आहे, स्वयंपाक राहिलाय, सगळं सांगून झालं होतं. दाजींनी ऐकलं नाही.

अंधारात ती माझ्या आणि दाजींच्या मध्ये बसली. मांडीवर ओवी. मध्यंतरापर्यंत नुसती ठो ठो आणि पेट्रोल पंपाला आग. मग आमचं गाव आलं. मारुतीचं देऊळ, आंबा, रान. दाजी खुर्चीच्या कडेला सरकले.

"आली बघ! ओवी, ती बघ आई! ती पळतीय ती!"

पडद्यावर ताई पळत होती. पाठमोरी. निळा कुर्ता, उडणारे केस. बांध आला, बाभळीला हात मारला, उडी. थिएटरमध्ये शिट्या पडल्या. मी ताईकडं बघितलं. ती दुसऱ्या कुणाला तरी बघावं तशी बघत होती.

आणि मग पडद्यावर आम्ही आलो.

समोरून.

मला काही समजेना. कॅमेरा तर आमच्या मागं होता! मग आठवलं, आम्ही सारखे कॅमेऱ्याकडं बघायचो, म्हणून साहेब किती वैतागले होते. त्यांनी तुकानानांच्या उसात दुसरा कॅमेरा लपवला होता. कुणाला न सांगता. भरावाच्या बाजूनं.

बांधावरून गाव उतरत होतं. मी त्यातल्या प्रत्येकाला ओळखत होते आणि एकालाही ओळखलं नाही. शिवानानांचा पुसलेला कोयता उन्हात लखलखत होता. कुऱ्हाडी वर झाल्या होत्या. शेवंताकाकू मुसळ उगारून, दात दाखवून येत होत्या. मधोमध आबा. त्या चेहऱ्यात खोटं काही नव्हतं. त्यांच्या शेजारी हातात काठी घेऊन एक मुलगी, डोळे फाटलेले, तोंड वासलेलं. ती मी. माझे ओठ "जाऊ नको" म्हणत होते आणि पडद्यातून आवाज येत होता, "मारा! मारा!" तो आवाज माझा नव्हता. मुंबईत कुणीतरी नंतर भरला होता.

आणि या सगळ्यांच्या पुढं, रक्तानं माखलेली, धूसर, समोरून येणारी ताई. तिचं तोंड आता दिसणार इतक्यात चित्र बदललं आणि मोठ्ठा हिरॉईनचा चेहरा आला. आबांची अट त्यांनी पाळली होती.

"अरे! गेलं लगेच?" दाजी हळहळले.

ताईनं ओवीचे डोळे हातानं झाकले होते. केव्हा झाकले, कुणास ठाऊक.

"प्राचे," ती अगदी हळू म्हणाली. "असे होते माझ्या मागं?"

"हो."

"कोयते खरे होते?"

"घरून आणलेले."

पडद्यावर पूल आला, पोलीस आले, दोघं हातात हात घालून मेले. मागच्या रांगेत कुणी मुसमुसत होतं. दाजींनीसुद्धा नाक पुसलं. ताईचे डोळे कोरडे होते. हात अजून ओवीच्या डोळ्यांवरच होता, आणि ओवी केव्हाच झोपून गेली होती.

बाहेर आल्यावर दाजी स्कूटर काढायला गेले. गर्दीत आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिलो. मला खूप बोलायचं होतं. चारशे माणसांसमोर न घाबरणारी मी. ओवीच्या पायातला निसटलेला बूट परत चढवत राहिले.

ताईनं ओवीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"वॉकीटॉकी म्हणाला होता ना," ती म्हणाली, "पळताना मागं बघायचं नाही."

"हो."

"मी नाही बघितलं गं."

दाजींनी कोपऱ्यावरून हॉर्न वाजवला. ती निघाली.